पोळी फाटली की सांगा

प्रिय आत्याबाई,

आज अक्षय तृतीया. तुमच्या नावाची पहिली घागर आज भरली. नैवेद्य झाला, सगळ्यांची जेवणं झाली, तुमचे चिरंजीव प्रमोद आमरस जरा जास्तच ओढून कूलरसमोर आडवे झालेत, आणि मी खिडकीपाशी तुमच्या खाटेवर बसून हे लिहितेय. बाहेर आपल्या सिंदी गावचं ऊन असं पेटलंय की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

अक्षर वाकडं दिसेल. उजव्या हाताने लिहितेय ना! डाव्या हाताने फोनवर पटकन झालं असतं. पण तुम्ही म्हणाला असतात, "देवानं उजवा हात काय आंघोळीपुरता देला का वं?" म्हणून दोन ओळी लिहायच्या, बोटं मोकळी करायची, परत दोन ओळी, असं चाललंय.

आज सकाळी मागच्या अंगणात जे झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. न सांगता निघून जायची सवय तुमची, माझी नाही! दुसऱ्या कोणाला सांगून ते कळायचंही नाही. प्रमोद तर तिथेच होते, पण त्यांनाही अर्धंच कळलं.

पण थांबा. नीट पहिल्यापासून सांगते, तुम्हाला नेहमी घाई!

मी नाशिकहून लग्न होऊन या घरात आले, तेव्हा सासूला आत्याबाई म्हणायचं एवढंच मला शिकवून पाठवलं होतं. लांब पोळीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात तुम्ही मागच्या अंगणात चूल मांडली, तिच्यावर मडकं पालथं घातलं, आणि ती सैल, ओली कणीक या हातावरून त्या हातावर झेलत सुटलात. बघता बघता ती तुमच्या दोन्ही कोपरांपर्यंत पसरली, अगदी पातळ ओढणीसारखी. मग एक हेलकावा दिलात आणि पोळी मडक्यावर! मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"काऊन वं, तुमच्या नाशकाले पोळ्या नाई करत का?"

"करतात की. पण लाटण्याने."

"लाटन्यानं तं कोनीबी करते," म्हणालात, आणि मला 'नाशिकवाली' हे नाव चिकटलं ते कायमचं.

आजूबाजूच्या कुठल्याही घरी कार्य निघालं की पोळ्यांना तुम्हीच. तुमची सून म्हणून माझ्याकडेही लोक मोठ्या आशेने बघायचे. पण माझी पोळी मनगटाच्या पुढे कधी गेलीच नाही! एकदा तर कणीक थेट चुलीत गेली. तुम्ही किती उन्हाळे माझ्यामागे लागलात, आठवतं? शेवटी तुम्हीही हात टेकले, मीही टेकले, आणि आपण दोघींनी ती गोष्ट हसण्यावारी नेली.

मग माझा हातच गेला.

गेला म्हणजे होता जागेवरच, पण ऐकेना. आधी डोळ्यापुढे धूसर झालं, ते बरं झालं. मग उजव्या हातातून कप सुटायला लागले. ब्लाउजची बटणं लावता येईनात. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतल्या नसांवर जे आवरण असतं, ते शरीर स्वतःच खराब करतं, त्यामुळे मेंदूचा निरोप हातापर्यंत नीट पोचत नाही, असं त्यांनी समजावलं. प्रमोद घरी येऊन नुसते रिपोर्ट चाळत बसले. तुम्ही मात्र सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजे लाईन हाये, पन वायरीचं कव्हर उंदरानं कुरतडलं. असंच नं?"

इतक्या डॉक्टरांमध्ये इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी रडता रडता हसले. म्हटलं, चला आत्याबाई, निदान लांब पोळीतून तरी सुटले!

तुम्ही हसला नाहीत. "असं सुटत नसते वं कोनी," एवढंच म्हणालात, आणि माझ्या पुढ्यातली पालेभाजी ओढून निवडायला घेतलीत.

वर्ध्याच्या फिजिओथेरपीच्या नेहाने तो चष्मा दिला, तेव्हा तुम्ही माझ्यासोबत होता. ती सांगत होती, हा व्हीआरचा हेडसेट, हा डोळ्यांना लावायचा, मग आत खेळ दिसतात, झाडावरची फळं तोडून टोपलीत टाकायची, तळहातावर फुलपाखरू बसवायचं आणि ते उडेपर्यंत हात हलू द्यायचा नाही. रोज तोच तोच व्यायाम करून माणूस कंटाळतो, खेळात तो आपोआप होतो. "हात पूर्वीसारखा होईल असं मी म्हणणार नाही ताई," तिने स्पष्ट सांगितलं. "आहे ते टिकवू आणि मेंदूला नवी वाट शोधायला लावू."

तुम्ही ते यंत्र हातात फिरवून फिरवून पाहिलंत. "हे तं घान्याच्या बैलाचं झापड हाये!" नेहा हसून हसून लाल झाली. पण नाव पडलं ते पडलं. त्यानंतर ती स्वतःही फोनवर विचारायची, "ताई, आज झापड लावलं का?"

घरी आणल्यावर मला हात लावू दिलात का? नाही! माझ्या पुढ्यात आलेला प्रत्येक काढा आधी तुम्ही चाखायच्या, तसंच. "आधी मी पायतो काय हाये थे." डोक्याला पट्टा आवळून तुम्ही खुर्चीत बसलात आणि एकदम चपला काढल्यात. मी विचारलं काय झालं, तर म्हणालात, "कोनाची बाग हाये माय ही? मालकाले इचारलं का?" मालक नाही, हे सगळं खोटं आहे, तोडा बिनधास्त, असं सांगितल्यावर तुम्ही फळं तोडायला लागलात. पण टोपलीत कुठे! तुम्ही आपला पदर पसरला होता, आणि एकेक फळ पदरात. यंत्र नुसतं टूं टूं करून नकार देत होतं. शेवटी तुम्ही पदर नीट गोळा करून, फळं सांडू नयेत अशा बेताने उठलात आणि मग झापड वर केलंत.

रिकाम्या पदराकडे बघून तुमचा जो चेहरा झाला, तो आठवून मला आजही हसू फुटतं. "लबाड हाये हे," म्हणालात. "पन तुह्या हाताले बरं हाये."

आणि मग सुरू झाला आपला रोजचा तमाशा. तुमची तूर निवडायची जागा तुम्ही अंगणाच्या दारात आणलीत. मी आत खुर्चीवर. मला झापडात दिसायचं तळं, झाडं, लाल पिवळी फळं. तुम्हाला दिसायचे नुसते हवेत हलणारे माझे दोन हात, आणि त्या हातांवर तुम्हाला काय दिसायचं? पोळी! मी फळाला हात घालायची आणि बाहेरून आवाज यायचा, "कोपर उचल! कोपर उचल, पोळी खाली चाल्ली!" मी फुलपाखरू सांभाळत असायची आणि तुम्ही ओरडायच्या, "फाटली! फाटली नं माय!"

किती चिडायची मी! "आत्याबाई, इथे पोळी नाही!"

"तुले नाई दिसत. मले दिसते."

खरं सांगू? तुमचं बरोबर असायचं. कोपर खाली पडलं, खांदा उचलला गेला, उजवा हात डाव्याच्या मागे राहिला, की तुमची पोळी फाटायची. नेहा नेमकं तेच नको म्हणायची. तिने एकदा तुम्हाला फोनवर विचारलंही, काय बघून ओळखता हो आजी? तुम्ही म्हणालात, "बघाचं काय त्यात, फाटली तं दिसते नं."

एकदा तर कहर केलात. "नुसत्या हवेत काहाले हात हालवतं? घे थोडीशी हातात," म्हणून माझ्या दोन्ही हातांवर खरीच ओली कणीक ठेवलीत. झापडाला माझे हातच ओळखू येईनात! खेळातले हात गायब, आणि समोर पाटी, हात दाखवा. नेहाला फोन लावला, ती म्हणाली ताई, हात स्वच्छ आहेत का? तेवढ्यात कणकेचा एक गोळा झापडाच्या काचेवर. ती काच पुसताना तुम्ही मान वर केली नाहीत, एवढं आठवतं.

पण आत्याबाई, एक तक्रार आहेच. तुम्ही कधी 'शाबास' म्हटलं नाहीत. एकदाही नाही! पोळी फाटली की घर डोक्यावर, आणि नीट चालली की गप्प. मला झापडातून बाहेरचं काही दिसायचं नाही. तुमचा आवाज थांबला की मी घाबरून विचारायची, "आत्याबाई, आहात ना?"

"आहो नं. काऊन?"

"बोलत नाही काही!"

"बोलाले काय झालं? फाटली का?"

हळूहळू मला कळलं की तुमचं गप्प बसणं हीच तुमची शाबासकी. मग मी विचारणं सोडलं. तुम्ही जितका वेळ गप्प, तितका वेळ मी खुशीत. माझी बटणं पुन्हा लागायला लागली. पेला उजव्या हातात आला. एक दिवस तुमच्या डोक्याला तेल लावून दिलं, आठवतं? तेव्हाही तुम्ही काही बोलला नाहीत, डोळे मिटून घेतले होते फक्त.

आणि मग संक्रांतीनंतरची ती दुपार.

थंडी होती. तुम्ही दारात उन्हात सूप घेऊन बसला होता. मी झापड लावलं. पहिल्यांदा एकदा "कोपर" म्हणालात. मग काही नाही. आत्याबाई, त्या दिवशी मी कधी नव्हे तशी खेळले. एक फळ खाली पडलं नाही. फुलपाखरू बसलं ते उडायला तयार नाही. आणि बाहेर तुम्ही गप्प. माझ्या मनात आलं, आज पोळी कोपरापर्यंत गेली वाटतं! केवढी हरखले होते मी. झापड काढलं ते हसतच, आता तरी शाबास म्हणा असं तुम्हाला सांगायला.

तुम्ही चौकटीला मान टेकून बसला होता. सूप मांडीवर होतं. एक दाणाही सांडला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, झोप लागावी तसं, जवळ कोणी बघत असतं तरी काही करता आलं नसतं. मी ते मानलं. पण त्यानंतर मला गप्पपणाच सोसेना. घरात जरा शांत झालं की मी टीव्ही लावायची. झापड डब्यात घालून कपाटावर टाकून दिलं. नेहाचे फोन आले, मी ताप आहे, पाहुणे आहेत, काय वाटेल ते सांगितलं. ती एकदा घरीच आली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "ताई, हात वापरला नाही तर मेंदू त्याला विसरतो." मी म्हटलं, विसरू दे.

आणि विसरायला लागला तो. होळीपर्यंत बटणं परत प्रमोदांकडे गेली. पेला डाव्या हातात आला. इथलं ऊन वाढलं की माझं बळ आणखी उतरतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

मग पंधरवड्यापूर्वी तुमच्या नावाने भरायच्या घागरीची आणि तिच्या नैवेद्याची गोष्ट निघाली. प्रमोद म्हणाले, "लांब पोळ्या आता करून मिळतात. सांगून ठेवतो."

माझं डोकंच फिरलं! म्हटलं, आत्याबाईंच्या पहिल्या घागरीपुढे विकतची पोळी? त्या उठून येतील आणि पोळी उचलून रस्त्यात टाकतील!

"मग करणार कोण?" त्यांनी विचारलं. वाईट हेतूने नाही हो, साधंच विचारलं. मी स्टूल आणायला लावलं आणि कपाटावरून डबा काढला.

पहिल्या दिवशी झापड लावलं, तळं दिसलं, आणि ती शांतता आली. मी ओरबाडून काढलं आणि खूप रडले. दुसऱ्या दिवशी प्रमोदांना तुमच्या जागी दारात बसवलं. म्हटलं, चुकलं की ओरडा. कसले ओरडतात! पोळी फाटली तरी "छान, छान", नाही फाटली तरी "छान, छान". असला कसला मुलगा वाढवलात हो? शेवटी मी हात जोडून म्हटलं, तुम्ही फक्त बसा, बोलू नका. तसे ते रोज बसले. मी रोज खेळले. हात थोडा थोडा परत आला, सगळा नाही.

आज उजाडायच्या आत आम्ही चूल मांडली, ऊन चढायच्या आधी. गळ्यात ओला टॉवेल. नेहाने बजावलं होतं की उजव्या हाताला चटका कळत नाही, म्हणून मडक्याजवळ प्रमोद, आणि मी एक हात लांब. मडकं तुमचंच. बन्सी गव्हाची कणीक मी रात्रीच भिजवली होती, डाव्या हाताने जास्त आणि उजव्याने थोडी तिंबली.

पहिली पोळी मनगटावरच फाटली. कोणी ओरडलं नाही, म्हणून मीच ओरडले, "फाटली नं माय!" प्रमोदांचा हात चुलीपाशी थांबला. तुमचाच आवाज निघाला होता माझ्या तोंडून. दुसरीचा तर हातातच लोळागोळा झाला. प्रमोद म्हणाले, राहू दे. मी म्हटलं, गप्प बसा म्हटलं ना!

तिसरी घेतली. आणि मग मी डोळे मिटले, आत्याबाई. झापड लावल्यासारखे. हात बघायचाच नाही ठरवलं. समोर तळं आलं, ती मालक नसलेली बाग आली. कोपर उचललं. खांदा सोडला. या हातावरून त्या हातावर. कणीक मनगटावर आली, मनगटाच्या पुढे सरकली, ओली, गार. मी वाट बघत होते. आता ओरडतील, आता फाटली म्हणतील.

कोणीच काही बोललं नाही.

सवयीने माझ्या तोंडून निघालं, "आत्याबाई, आहात ना?"

उत्तर आलं नाही. आणि संक्रांतीपासून पहिल्यांदा, आत्याबाई, मला त्या शांततेची भीती वाटली नाही. फाटली असती, तर तुम्ही गप्प बसला असता का?

डोळे उघडले तर पोळी दोन्ही हातांवर होती. कोपरापर्यंत नाही, अर्ध्यापर्यंत. एका बाजूला जाड, कडेला वाकडी. प्रमोदांनी माझी कोपरं खालून धरली आणि आम्ही दोघांनी मिळून ती मडक्यावर टाकली. मग ते धुराचं निमित्त करून बराच वेळ डोळे पुसत होते.

तीच पोळी रुमालासारखी घडी करून तुमच्या घागरीपुढे ठेवली, आमरसाच्या वाटीशेजारी. बघितलीत ना? नाशिकवालीची आहे.

एक विचारू? त्या दुपारीही तुम्ही शेवटपर्यंत काही बोलला नाहीत. म्हणजे तेव्हाही नीटच चालली होती ना पोळी? मी आता तसंच धरून चालणार आहे.

हात आता दुखतोय, थांबायला हवं. हा आजार माझा हात पुढेमागे आणखी मागेल, मला माहीत आहे. पण उद्यापासून मी रोज झापड लावीन, प्रमोद 'राहू दे' म्हणाले तरी आणि मला कंटाळा आला तरी. पुढच्या घागरीला पोळी होईल तेवढी होईल, पण ती माझ्याच हातची असेल, असा शब्द देते. फाटली तर जरूर ओरडा, आणि नाही फाटली तर आपलं नेहमीसारखं गप्प बसा. मला ऐकू येतं.

तुमची,
नाशिकवाली